मुंजा कोणत्या वर्गातला

तेर, ११ फेब्रुवारी १९८७

चि. नीलास अनेक आशीर्वाद.

रहाटाचा आवाज तू ऐकलेला नाहीस. कुर्रर्र, कुर्रर्र, आणि पोहरा पाण्याला टेकला की एक उसासा. मी आठ वर्षांचा आणि विष्णूदादा दहाचा असताना आमच्या आडावरचा तो रहाट हेच घरातलं घड्याळ होतं. त्याच्या तालावर आम्ही कविता पाठ करायचो. पुढं आईनं रहाट काढून माळ्यावर टाकला, त्याला जन्म लोटला. तरी अजून डोळा लागता लागता तो मला ऐकू येतो आणि मी वृत्त मोजायला लागतो.

तुझं पत्र ओसरीवर वाचलं, मग चष्मा पुसून पुन्हा वाचलं. "मामा, आपल्याकडं भुतांचे प्रकार किती ते सविस्तर कळवा, तातडीनं हवं आहे." मला वाटलं, परमुलखात पोरीला काही बाधलं. खाली खुलासा होता म्हणून बरं. शेजारची कॉलेजची पोरं शनिवारी तुझ्या स्वयंपाकघरात जमतात, टेबलाभोवती बसून राक्षसांशी लढतात, पण जागचं कोणी उठत नाही. फासे टाकायचे आणि काय झालं ते सांगायचं. आणि राक्षसांच्या बाजूनं बोलायला तू. तुझ्या आईला वकील व्हायचं होतं. चला, घरात कोणीतरी झालं.

तर ऐक. आपल्याकडं भुताला भगत एकच विचारतो: तुझं काय राहिलं? राहिलेल्यावरून त्याचा प्रकार ठरतो. बाळंतपणात गेली, पोराला पाजायचं राहिलं, ती हडळ. वंश राहिला आणि जमिनीत जीव अडकला, तो समंध. खवीस म्हणतात तो दांडगा असतो, निजामाच्या अमदानीपासून त्याला उर्दू समजतं. त्याचं काय राहिलं हे विचारायला अजून कोणी थांबलेलं नाही. चकवा मारत नाही, नुसता एकाच शेतात गोल गोल फिरवतो. तो तहसील कचेरीत लागला असावा, असं कोंडीरामचं मत आहे. कोंडीराम म्हणजे माझा जुना विद्यार्थी, आता इथल्या सोसायटीचा सेक्रेटरी.

आणि मुंज झाली, लग्न राहिलं, असा मुलगा गेला तर तो मुंजा. पिंपळावर नाहीतर आडात राहतो. हा प्रकार मला ऐकून माहीत नाही. तो तुझा सख्खा थोरला मामा आहे.

मुंजीला आठवडा झाला नव्हता. दादा आडाच्या काठावर बसून कविता म्हणत होता, शेवटचं कडवं तेवढं पाठ व्हायचं होतं. तिथूनच तो आत पडला. त्यानंतर गावानं आडाचं पाणी सोडलं. काठावर पिंपळ उगवला, तोही मोठा झाला. मी रोज दिवेलागणीच्या आधी तिथं जाऊन ती कविता म्हणतो, पण शेवटचं कडवं म्हणत नाही. त्याचं ते ऐकून झालं तर तो जाईल, असं मला आठव्या वर्षी वाटलं होतं. नंतर सवय झाली.

हे तुला आत्ता कळवण्याचं कारण असं की तेरणेच्या पात्रात वाळूशिवाय काही उरलेलं नाही, टँकर येईल तेव्हा येतो, आणि सगळ्या गावात आमच्याच आडात पाणी आहे. दगड टाकला तर डुबुक वाजतं. सोसायटीचे चेअरमन आबाराव काल येऊन म्हणाले, "गुरुजी, आड उपसून पंप बसवू म्हणतो. पर ते तुमच्या दादाचं कसं करायचं?"

मी म्हटलं, विचारून सांगतो. कोणाला, ते त्यांनी विचारलं नाही.

तुझा
नारायणमामा

———

मॅडिसन, १ मार्च १९८७

ती. नारायणमामांस सा. न.

तुमचं पत्र मी टेबलावर इंग्रजी करून वाचून दाखवलं. चकव्याला पोरांनी टाळ्या वाजवल्या. विष्णूमामांचं आलं तेव्हा पीटर नावाचा एक मुलगा आहे, त्यानं हातातला फासा हळूच खाली ठेवला. आई कधीच काही बोलली नव्हती. आडाकडं जाऊ नको, एवढंच म्हणायची.

आमच्या खेळाच्या पुस्तकात राहिलेल्याचा विचारच नाही. तिथं राक्षसाला दुसरंच विचारतात: तू नियम मानतोस का? त्यावरून तीन वर्ग पडतात. पहिले नियमवाले. त्यांच्यात साहेब, हेडक्लार्क, शिपाई अशी उतरंड असते. ते दुष्ट असतात, पण दिलेला शब्द मोडत नाहीत आणि दुसऱ्यालाही मोडू देत नाहीत. दुसरे बेबंद. त्यांना ना वरचा ना खालचा; आज तुमच्याशी करार करतील, उद्या तुम्हालाच खातील. तिसरे या दोघांच्या लढाईत जो जास्त देईल त्याच्याकडून लढतात. प्रत्येकाचं बळ आणि कशानं जखम होते हे पुस्तकात छापलेलं असतं. पहिल्याला शब्दात पकडायचं, दुसऱ्यापासून पळायचं, तिसऱ्याला फोडायचं.

मुंजाचा वर्ग ठरवताना आमची भांडणं झाली. माझं मत, तो नियमवाला. मुंज झालेला मुलगा म्हणजे नियमच नियम. शिवाय इतकी वर्षं कोणाला त्रास दिल्याचं तुम्ही लिहिलेलं नाही. आबारावांना सांगा, त्याच्याशी बोलणं करता येईल.

इकडं अजून बर्फ आहे. शरद दिवसभर प्रयोगशाळेत असतो, कधी रात्रीही. पूर्वी मी खिडकीशी बसून गाड्या मोजायची. आता शनिवारची वाट बघते. पोरांना वरणभात आवडतो, फक्त ते त्याला सूप म्हणतात.

एक विचारू? तुम्ही लग्न का नाही केलंत?

तुमची
नीला

———

तेर, २० मार्च १९८७

चि. नीलास आशीर्वाद.

तुझं पत्र मी सोसायटीच्या सभेत वाचलं. विषय पत्रिकेवर नव्हता, 'ऐनवेळी येणारे विषय' यात घेतला.

तीन वर्ग लोकांना फार पटले. नियमवाले ऐकून मागून कोणीतरी म्हणालं, "म्हणजी सहकार खातं." तिसऱ्या वर्गाला सगळ्यांनी एकमुखानं अपक्ष उमेदवार ठरवलं. बेबंद कोण, यावर मात्र एकमेकांकडं बोटं झाली. आबारावांनी टेबल वाजवून विचारलं, "गुरुजी, आपला मुंजा पयल्या वर्गातला, हे अमेरिकेनं नक्की सांगितलंय नव्हं?" मी म्हटलं, नीलानं सांगितलंय. "मग झालं तर. पयल्या वर्गाशी आपल्याला कामाची सवय हाय."

कोंडीराम म्हणाला, "गुरुजी, आम्ही छप्पन साली देव सोडले, त्याच गाडीत भुतं पण सोडली. माझं मत धरू नका. पर एक सांगतो. ह्या आडावर आमच्या आज्याला कुणी येऊ देत नव्हतं, तवा आत मुंजा नव्हता. म्हणजी त्याच्या आधीबी कुणीतरी राखणीला होतंच. आड उघडला तर रांग एक. ते आधी ठरवा, मग मुंजाचं बघा."

ते ठरलं. माझ्यासमोर ठरलं, आणि माझ्याच घरचा आड असल्यानं मला मान खाली घालायलाही जागा नव्हती.

मग मुंजाचं काय राहिलं ते तुझ्या पुस्तकाप्रमाणं नाही, आपल्या रीतीप्रमाणं काढलं. लग्न राहिलं, पण लग्नाआधीची सोडमुंजही राहिली. तुझ्या चुलतभावाची तू पाहिली असशील. मुलगा छत्री-काठी घेऊन, नव्या चपला घालून काशीला निघतो, मामा वाटेत आडवा येतो, म्हणतो, 'जाऊ नको, माझी मुलगी देतो.' मुलगा मागं फिरतो आणि बोहल्यावर चढतो. दादाची सोडमुंज करायची, पण या वेळी आडवं कोणी यायचं नाही. त्याला काशीला जाऊ द्यायचं. पिंपळ चालू शकत नाही, म्हणून त्याच्या वतीनं धाकट्या भावानं शिवेपर्यंत चालायचं, छत्री-काठी तिथं ठेवायची आणि मागं न बघता घरी यायचं.

विधीला तुळजापूरचे बाबूरावशास्त्री. ऐंशीच्या पुढं आहेत. हल्ली इथंच मुलीकडं असतात. त्यांची मुलगी म्हणजे आमच्या कन्याशाळेच्या चंद्रप्रभाबाई. हेडमास्तरीण होत्या, गेल्या साली निवृत्त झाल्या.

लग्नाचं विचारलंस. थोरल्याचं झाल्याशिवाय धाकट्यानं करायचं नाही, असा आपल्यात नियम. आई म्हणायची, दादा अजून घरातच आहे, त्याच्या आधी तुझं कसं करू? मी म्हटलं, बरोबर आहे. पुढं आई गेली. नियम राहिला.

नारायणमामा

———

मॅडिसन, ६ एप्रिल १९८७

ती. मामांस सा. न.

घाईत लिहिते, सोडमुंजीच्या आधी पोचावं म्हणून.

या शनिवारी मी मुंजा खेळात घेतला. पोरं तलवारी उपसून आडाशी आली. मी मुंजाच्या बाजूनं बोलले, तुमचं पत्र समोर ठेवून. तो लढत नाही, काही मागत नाही, कविता ऐकतो. त्यांनी तलवारी म्यान केल्या. मग पीटरनं विचारलं, "याचं काय राहिलं ते कळलं. याच्यामुळं आणखी कोणाचं काय राहिलं?"

असं काही पुस्तकात छापलेलं नाही. मी म्हटलं, आज खेळ इथंच थांबवू. पण मामा, माझ्या मनात तुमच्याकडचा एक नवाच वर्ग आला. ज्याचं राहिलंय, पण जो अजून मेलेला नाही, असा.

रागावू नका. आई एकदा म्हणाली होती, "नारायण वर्गात कविता शिकवायला लागला की भिंतीपलीकडच्या बाई आपला तास थांबवायच्या." त्या बाई याच का?

तुमची
नीला

———

तेर, २६ एप्रिल १९८७

चि. नीलास आशीर्वाद.

मुलांची आणि मुलींची शाळा एकाच भिंतीच्या दोन बाजूंना होत्या. भिंत पातळ होती. आवाज जायचा. त्यात सांगण्यासारखं एवढंच.

आता गावात जे झालं ते लिहितो. नीट वाच, कारण निकाल तुला द्यायचा आहे.

सकाळी पिंपळाभोवती अर्धं गाव जमलं. शास्त्रीबुवांनी विधी केला. मी नव्या चपला घातल्या, त्या चावत होत्या. हातात छत्री-काठी घेऊन मी आधी आडाशी वाकलो. मनाशी ठरवलं होतं, म्हणून कविता म्हटली आणि या खेपेला शेवटचं कडवंही म्हटलं. इतक्या वर्षांनी ते आठवेल की नाही अशी धास्ती होती. एक अक्षर चुकलं नाही. आतून एक बेडूक बोलला. आबारावांनी टोपी काढली.

मग मी निघालो. वेशीपाशी लोक दोन्ही बाजूंना झाले. सगळ्यांना ताकीद होती, आडवं कोणी यायचं नाही. कोणी आलं नाही. मी शिवेच्या दगडाशी पोचत होतो. दादा चालला, असं खरोखर वाटलं, नीला. खांदा हलका झाला.

आणि शास्त्रीबुवा मधे आले.

साठ वर्षं ते विधी सांगतायत. मामा वेळेवर पुढं झाला नाही तर त्याला कोपरानं ढोसून वाक्य म्हणवून घेणारा माणूस. इथं मामाच नाही, मुलगा चाललाय, आणि विधी डोळ्यांदेखत अर्धवट सुटतोय, हे त्यांना सोसलं नाही. त्यांनी माझा हात धरला आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "जाऊ नको काशीला. माझी मुलगी देतो."

बोलून झाल्यावर त्यांना कळलं. मला कळलं. वेशीतल्या लोकांना जरा उशिरानं कळलं. चंद्रप्रभाबाई पाण्याचा तांब्या घेऊन तिथंच उभ्या होत्या. त्यांनी तांब्या खाली ठेवला.

पहिला कोंडीराम हसला. मग कोणीच हसलं नाही. कारण मुंजा गेला का थांबला, हे कोणाला सांगता येईना. शब्द दिला म्हणजे थांबला. आबाराव म्हणाले, "पयल्या वर्गातला हाय. शब्द सोडायचा न्हाय त्यो."

दुपारी सोसायटीत पुन्हा सभा. कोणी म्हणे, मुलगी विष्णूला दिली. पिंपळाशी लग्न लावून टाका. कोणी म्हणे, शास्त्री काही सख्खे मामा नव्हेत, शब्द बाद. बाई सगळं ऐकत बसल्या होत्या. मग उठल्या आणि चाळीस वर्षं मुलींना गप्प करायच्या त्या आवाजात म्हणाल्या, "मी सोसायटीची शेळी नाही, ठराव करून कोणाच्या दावणीला बांधायला. बाबांनी शब्द दिला, तो बाबांचा. मला कोणी विचारलं? मुंजानं विचारलं? गुरुजींनी?"

माझ्याकडं बघितलं. मी छताकडं बघत होतो. तिथं पाल होती.

त्या निघून गेल्या. तेव्हापासून आड उपसून तयार आहे, पंप बसलाय, आणि पाणी कोणी भरत नाही. कोंडीराम सगळ्यांसमोर एक बादली काढून पाणी प्याला. शांताक्का म्हणाली, "त्याचं काय सांगता, त्यानं धर्म बदललाय, मुंजा त्याला वळखतच न्हाय." बायका घागरी घेऊन परत टँकरच्या वाटेला लागल्या. उन्हाळा अजून वर चढायचाय. भिमाबाईच्या सुनेला दिवस गेलेत, तीही नदीत झरा उकरायला जाते. मी ओसरीवरून बघतो.

छत्री, काठी शिवेवरच राहिली. दुसऱ्या दिवशी गेलो तर नव्हती.

आबाराव रोज येऊन विचारतात, "अमेरिकेचं पत्र आलं का?" तेव्हा तूच सांग, शब्द कोणाला दिला गेला?

नारायणमामा

———

मॅडिसन, ११ मे १९८७

ती. मामांस सा. न.

तुमचं पत्र टेबलावर वाचलं. पुस्तक तिथं उघडं होतं, पण कोणी त्यात बघितलं नाही.

निकाल असा. हे आबारावांना वाचून दाखवायला हरकत नाही. विष्णूमामा नियमवाले. त्यांनी शेवटचं कडवं ऐकलं, सोडमुंज झाली, ते सुटले. नियमवाल्याला सुटल्यावर थांबता येत नाही. शब्द दिला गेला तो चपला घालून चालणाऱ्याला. हात त्याचा धरला होता. विष्णूमामांचा शब्दाशी संबंध नाही आणि आडाशीही नाही. पाणी भरा.

यापुढचं फक्त तुम्हाला.

बाईंनी सभेत विचारलं, 'गुरुजींनी विचारलं?' मामा, हा प्रश्न होता. तुम्ही आयुष्यभर शिकवलंत, प्रश्न ऐकू आला की उभं राहायचं. थोरल्याचं झालं. आता धाकट्याला कोणता नियम आडवा येतो, ते मला सविस्तर कळवा, तातडीनं हवं आहे.

शरदला मी तुमची सगळी पत्रं दिली. शनिवारी तो लवकर घरी आला आणि टेबलाशी बसला. त्याला चकवा व्हायचं आहे म्हणाला.

तुमची
नीला

———

तेर, २९ मे १९८७

चि. नीलास आशीर्वाद.

तुझा निकाल आबारावांनी आडाच्या काठावर उभं राहून वाचला. खालचा भाग मी आधीच फाडून घेतला होता. वाचून झाल्यावर कोणी हललं नाही. मग भिमाबाई पुढं झाली, सुनेचा हात धरून. म्हणाली, "माझ्या पोरीचे पाय सुजल्यात. मुंजा गेला आसंल तर गेला, नसंल तर बगंल." तिनं घागर लावली. तिच्यामागं कोंडीरामची बायको उभी राहिली, तिच्यामागं शांताक्का. रांग एकच होती. पंपाचा आवाज मात्र काही रहाटासारखा नाही. त्याच्यावर कोणतंच वृत्त बसत नाही, मी बसवून बघितलं.

संध्याकाळी आडावर गेलो आणि तोंड उघडलं, तर म्हणायला काही नव्हतं. ऐकणारा गेला. तुला वाटेल मला सुटल्यासारखं झालं असेल. मला तर बदली झालेल्या मास्तरासारखं झालं, ज्याला नव्या गावाचं नाव कोणी सांगितलेलं नाही.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. नियम कोणताच आडवा येत नाही. मी पोथ्या बघितल्या, बाबूरावशास्त्र्यांनाही आडून विचारलं. ते म्हणाले, "नियम नाही, नारायणराव. वय आहे." मग स्वतःच, "वय हा काही नियम नव्हे."

तेव्हा मी विचारावं, हे खरं. तीनदा त्यांच्या घरापर्यंत गेलो. एकदा आत माणसं होती. एकदा कोणी नव्हतं, म्हणून परत आलो. एकदा त्या दारातच होत्या, "काय गुरुजी?" म्हणाल्या, आणि मी म्हटलं, पाणी कसं आहे आडाचं? त्या म्हणाल्या, "गोड." एवढं बोलणं झालं. नीला, मी भिंतीपलीकडून बोलायला शिकलेला माणूस. समोर कोणी असलं की मला यमक सुचत नाही. तेव्हा तुझ्या त्या नव्या वर्गात माझं नाव लिहून टाक. बळ किती आणि जखम कशानं होते, ते तू मनानं भर.

कोण आलंय. कडी वाजतेय. आबाराव असतील, पंपाच्या वायसरचं काहीतरी असेल. थांब, बघून येतो.

आबाराव नाहीत.

दारात चंद्रप्रभाबाई उभ्या आहेत. पायात नव्या चपला. एका हातात काठी, दुसऱ्या हातात छत्री. माझीच आहे, दांड्यावरचा ओरखडा ओळखीचा. मी म्हटलं, या. त्या उंबऱ्याच्या आत आल्या नाहीत. म्हणाल्या, "बसायला वेळ नाही, गुरुजी. मी काशीला निघालेय."

मी म्हटलं, एकट्याच?

"एकटीच. उस्मानाबादची एसटी चारला आहे." आणि तिथंच उभ्या राहिल्या. एसटी स्टँडला जाताना आमचं घर लागत नाही, नीला. तो उलट्या बाजूला आहे.

तुला लिहायचं म्हणून मी आत आलो, पण इथून त्या दिसतात. छत्री उघडलेली आहे. गल्लीत कोणी नाही. आडवं यायला दुसरं कोणी नाही.

पत्र इथंच टाकून उठतो.